ब्रेकपॅड घरी बदलावेत काय?

शाळेच्या वार्षिकात मोटारीच्या ब्रेकविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. कविता, सहलीचे वृत्तान्त आणि स्नेहसंमेलनाचा अहवाल यांच्या पंक्तीस हे काळे, तेलकट पान कोठून येऊन बसले, असे कोणी विचारल्यास त्याला आमचे उत्तर एवढेच की, आज बेळगावातील आमच्या गल्लीत ज्या दारापुढे मोटार उभी नाही असे घर शोधावे लागते, आणि त्या मोटारी चालविणाऱ्यांपैकी आपल्या गाडीचा ब्रेक डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य तर त्याहूनही कष्टाने शोधावा लागतो. गेल्या दिवाळीपर्यंत आम्हीही तो पाहिला नव्हता. गेली अनेक वर्षे आम्ही वर्गात फळ्यावर पास्कलचा नियम शिकवीत आलो आणि त्याच नियमावर चालणाऱ्या यंत्रावर भरवसा ठेवून मुलाबाळांसह घाट उतरत आलो. परंतु या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे, हे आमच्या ध्यानात आले ते एका आवाजामुळे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने गोव्यास निघालो होतो. निघण्यापूर्वी गाडीची रीतसर तपासणी झालेली होती आणि बिलावर 'ब्रेक तपासले' या शब्दांपुढे बरोबरची खूणही होती. घाटाच्या निम्म्यावर, ब्रेकवर पाय पडला की उजव्या चाकातून एक बारीक, चिरका आवाज येऊ लागला. पाय उचलला की तो थांबे. गोव्यात पोहोचल्यावर एका दुकानात गाडी दाखविली. तेथील मुलाने चाकाच्या जाळीतून बॅटरीचा उजेड टाकून पाहिले आणि "अजून पुष्कळ जीव आहे," असे सांगून आम्हांस निरोप दिला. आम्हीही वाकून पाहिले, आम्हांसही तसेच दिसले. समाधानाने आम्ही परत आलो.

घरी आल्यावरही आवाज गेला नाही, तेव्हा उद्यमबागेतील एका वृद्ध, ओळखीच्या मिस्त्रींकडे आम्ही सहज विषय काढला. ते हसून म्हणाले, "सर, बाहेरनं दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला कुणी बघितला?"

या एका प्रश्नाने आमच्या विद्येची जी परीक्षा झाली, ती सांगण्यासाठी प्रथम ब्रेकची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक जाड चकती. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक पॅड, म्हणजे पोलादी पाटीवर बसविलेला घर्षण करणारा थर. आणि या सर्वांना मिठीत घेणारा कॅलिपर. ब्रेकवर पाय दाबला की नळीतील तेलाचा दाब कॅलिपरमधील दट्ट्यावर येतो. मौज अशी की दट्ट्या असतो फक्त आतल्या बाजूस. तो आतल्या पॅडला चकतीवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या दिशेस सरकतो व बाहेरच्या पॅडला दुसऱ्या अंगाने चकतीवर ओढून धरतो. या पिना कोरड्या पडल्या वा गंजल्या, की कॅलिपर सरकत नाही; मग आतला पॅड एकटाच झिजत राहतो आणि बाहेरचा जसाच्या तसा राहून पाहणाऱ्याची फसगत करतो.

आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. चाक काढल्यावर बाहेरच्या पॅडचा थर पाच मिलिमीटर भरला. आतल्याचा दोनही भरला नाही. नवा असताना तो दहाच्या आसपास असतो आणि तीनवर आला की बदलावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. तो चिरका आवाजही कोणता दोष नव्हता, ती सूचना होती. अनेक पॅडांच्या पाटीला पोलादाची एक लहानशी जीभ जोडलेली असते. थर ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती चकतीला घासून ओरडू लागते. यंत्राने आम्हांस आमच्याच भाषेत बजावले होते, आणि आम्ही रेडिओचा आवाज वाढवून घाट उतरलो होतो!

थर संपल्यावर काय होते, हे विद्यार्थ्यांनी गणिताने ताडून पाहावे. हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास २५ मीटर वेगाने धावत असता तिची गतिज ऊर्जा तीन लक्ष साडेबारा हजार ज्यूल होते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही. बहुतांशी तिची उष्णता होते, आणि ती उष्णता या चकत्या व हे पॅड सोसतात. ३० अंश तपमानाचे एक लिटर पाणी उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्याहून ही किंचित अधिकच आहे. एकदा गाडी थांबविली की चहाचे एक मोठे आधण! वेग ६० असता हाच आकडा निम्म्याहून खाली येतो, हेही मुलांनी करून पाहावे. वेगाचा वर्ग म्हणजे काय, ते पुस्तकापेक्षा येथे चांगले कळते. घाटाचा हिशेब तर याहून मोठा आहे. तीच गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४९ लक्ष ज्यूल मोकळे होतात, म्हणजे त्या हिशेबाने जवळजवळ सोळा लिटर पाणी उकळेल. तो सगळा भार ब्रेकवर टाकावयाचा नसतो. खालचा गिअर घालून इंजिनाकडूनही रोध घ्यावयाचा असतो. ब्रेक अतिशय तापला की पॅडची पकड सुटू लागते, आणि तेल जुने असेल तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खोल जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते व तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ज्यास डॉट ३ म्हणतात त्या तेलाला कोरड्या स्थितीत किमान २०५ अंश सेल्सिअस सोसले पाहिजेत, तर ओलावा शोषल्यावर ही अपेक्षा १४० वर येते. आंबोली, चोर्ला, अनमोड असे घाट ज्यांच्या सोयरिकीच्या वाटेवर आहेत, त्या आम्हा बेळगावकरांना हे आकडे तोंडपाठ असावयास हवेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे पॅड घरी बदलावेत काय? आमचे मत, बदलावेत, असे आहे. पण ते मत आम्ही बनविले ते एक काम नीट करून आणि एक काम विसरून. म्हणून दोन्ही सांगतो.

मिस्त्रींनी आम्हांस आपल्या शेडमध्ये एका जुन्या कॅलिपरवर सर्व कृती दोनदा करून दाखविली आणि मगच घरी करण्यास परवानगी दिली. एका रविवारी सकाळी आम्ही, आमची नववीतील कन्या आणि सातवीतील चिरंजीव अंगणात सिद्ध झालो. अंगणाचा वरचा भाग सपाट आहे, तेथे गाडी घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, कारण उचललेल्या गाडीचे नट पिळू जाता चाकच फिरते. जॅक लावला, आणि गाडी उचलल्याबरोबर तिच्याखाली भक्कम लोखंडी घोडी दिली. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालणारा मनुष्य आम्हांस धाडसी वाटत नाही, अविचारी वाटतो. काढलेले चाकही आम्ही गाडीच्या कडेखाली आडवे सारले, की घोडी दगा देईल तर गाडी चाकावर बसावी.

पुढले काम सांगावयास सोपे आहे. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला आणि तारेने बांधून ठेवला. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, कारण नळीला आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. जुने पॅड निघाले. ती काळी धूळ फुंकरीने उडविण्याचा मोह चिरंजीवांना झाला, तो कन्येने हाणून पाडला. एके काळी ब्रेकच्या थरात सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस घालीत असत व त्याचे तंतू फुप्फुसांना घातक ठरले. आज त्याविना बनविलेले पॅड मिळतात, तरी कोणतीही ब्रेकची धूळ श्वासात घेऊ नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, हेच शहाणपण. पिना काढून स्वच्छ केल्या आणि उष्णता सोसणारे व रबराला न खाणारे ग्रीज लावून परत बसविल्या. आमच्या सर्व दुखण्याचे मूळ या दोन पिनांत होते! चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तीही कॅलिपर-मापीने मोजून पाहिली. मोजमापाचे ते साधन आणि हा ब्रेकचा भाग या दोघांचे नाव एकच कसे, असा प्रश्न चिरंजीवांनी केला. त्याचे उत्तर, दोघेही वस्तूला दोन बाजूंनी धरतात, हे त्यालाच सुचले. त्या दिवशीच्या शिक्षणात आम्ही यालाही जमा धरतो.

नवे पॅड जाड असल्यामुळे पुढे आलेला दट्ट्या मागे रेटावा लागतो. येथे पास्कल उलट्या दिशेने भेटतो: दट्ट्या मागे गेला की तेल नळीतून परत वरच्या डब्यात चढते. पॅड झिजत जातात तशी त्या डब्यातील पातळी आपोआप उतरते, आणि पुष्कळ जण कारण न शोधता वरून तेल ओतून मोकळे होतात. आमच्या गाडीतही कोणी तरी तसे ओतलेले होते. दट्ट्या रेटताच डबा काठोकाठ भरला. हे तेल गाडीच्या रंगाला खाते, म्हणून पिचकारीने थोडे काढून घ्यावे लागले. मग नवे पॅड बसविले, त्यांच्या घासणाऱ्या तोंडाला बोट लागू दिले नाही, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले आणि हीच कृती दुसऱ्या बाजूस केली. एका आसाचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावयाचे असतात, नाही तर ब्रेक लावताना गाडी एका अंगास ओढते. चाके मात्र एकामागून एक उघडावीत. एक उघडे असता दुसरे नमुन्यादाखल शाबूत असते.

दुपारचा एक वाजला होता. हात काळे, पाठ मोडलेली, परंतु मन मोठे प्रसन्न. हत्यारे गोळा केली, चाकांचे दगड काढले, इंजिन सुरू केले आणि सौभाग्यवतींस आपला पराक्रम दाखवावा म्हणून हँडब्रेक सोडून गाडी मागे घेतली. आमचे अंगण फाटकाकडे उतरते आहे. गाडी उताराला लागली, आम्ही ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय कोणत्याही विरोधावाचून थेट तळाशी गेला.

मिस्त्रींनी निरोप देताना एकच गोष्ट तीनदा सांगितली होती: "काम सोपं आहे बघा सर, पण शेवटी पेडल मारायला विसरू नकासा." दट्ट्या मागे रेटलेला असतो; पॅड आणि चकती यांच्यामध्ये फट असते; गाडी हलविण्यापूर्वी जागच्या जागी पेडल पुनःपुन्हा दाबून ती फट भरून काढावी लागते, तोपर्यंत पाय कठीण लागत नाही आणि ब्रेकही लागत नाही. आम्ही विसरलो होतो. फाटकापलीकडे गल्लीतील मुले क्रिकेट खेळत होती. "बाबा, हँडब्रेक!" असे कन्या ओरडली, तिच्या आवाजासरशी हात आपोआप गेला आणि फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. हँडब्रेक तारेने मागच्या चाकांवर चालतो, त्याचा तेलाशी संबंध नाही, म्हणूनच तो त्या क्षणी उपयोगी पडला. आम्ही कितीतरी वेळ गाडीत तसेच बसून होतो. मुलांचा चेंडू गाडीला लागून परत गेला, त्यांना काही कळलेही नाही.

हा प्रसंग ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "झाले ना? म्हणूनच ज्याचे काम त्याने करावे." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ब्रेक हा पाण्याच्या नळासारखा केवळ आपल्या घरचा विषय नव्हे. तो बिघडला तर रस्त्यावरील परक्याचा जीव जातो. म्हणून आम्ही मर्यादा आखतो. पॅड पाहणे, मोजणे आणि बदलणे येथपर्यंत शिकलेल्या गृहस्थाचा अधिकार. जेथे तेलाची नळी उघडावी लागते, जेथे तेल गळते, पेडल स्पंजासारखे मऊ लागते, चकतीला खोल चरे पडले आहेत किंवा ती किमान जाडीच्या खाली गेली आहे, तेथे हत्यार खाली ठेवून मिस्त्रींना बोलवावे. ज्या नव्या गाड्यांचा हँडब्रेक विजेच्या बटणावर चालतो, त्यांच्या मागच्या चाकांना तर घरी हातच लावू नये. आणि प्रथम वेळ कोणीही एकट्याने करू नये.

परंतु स्नेह्यांच्या वचनाची दुसरी बाजू आम्हांस मान्य नाही. काम जाणत्याच्या हाती सोपविले म्हणजे जबाबदारी संपते, असे ते मानतात. आमच्या बिलावर बरोबरची खूण होती. ती करणाऱ्याने चाक काढलेच नव्हते आणि आम्हीही 'आतला पॅड दाखवा' असे म्हणालो नव्हतो, कारण आतला पॅड असतो हेच आम्हांस ठाऊक नव्हते. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने पॅड बदलला आहे, तो पुढे जन्मभर गॅरेजमध्येच काम करून घेईना का. तो काय विचारावे हे जाणतो, आणि प्रामाणिक मिस्त्रीचे मोलही त्यालाच कळते. घरी काम केल्याने काही शेकडा रुपये वाचतात खरे, पण त्याकरिता आम्ही हा लेख लिहिला नसता.

शिकलेल्या घरांत हाताने काम करण्याविषयी जो एक संकोच असतो, त्याविषयीही बोलले पाहिजे. १८८८ साली याच बेळगावात किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान सुरू झाले, त्यातून पुढे नांगरांचा कारखाना आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र आपला मुलगा पाना हातात धरून बसला तर 'अभ्यास कर' म्हणून त्याला उठवितो. त्याच १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही गृहिणी, पतीला न सांगता, आपल्या दोन मुलांसह त्याने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला माहेरी निघाली. वाटेतील उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याचा आरंभ तेथून मानतात. मुलींना यंत्राचे काय, असे विचारणाऱ्या आमच्या आप्तांना आम्ही ही हकीकत ऐकवितो, आणि मग आमच्या फाटकाचा खांब दाखवितो.

शाळेकडे आमची एक मागणी आहे. भंगारात मिळणारा एक जुना कॅलिपर, एक चकती आणि दोन झिजलेले पॅड प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावेत. उद्यमबागेत बिडाचे ओतकाम जेथे रोज चालते, त्या गावात याला फारसा खर्च येऊ नये. पास्कलचा नियम शिकविताना मुलांच्या हातात ते द्यावे, आणि पिना कोरड्या असता काय होते ते त्यांनाच सरकवून पाहू द्यावे. मोटार नसलेल्या घरांतील मुलांनी मागे राहण्याचे कारण नाही. सायकलच्या ब्रेकचे रबर पाहण्यास चाकही काढावे लागत नाही. गेल्या आठवड्यात सायकलींच्या छपराखाली सहज फिरताना आम्ही तीन सायकली अशा पाहिल्या की ज्यांचे रबर संपून लोखंड रिमला घासत होते. त्यांतली एक आमच्या चिरंजीवांची होती.

आमच्या गाडीच्या किल्लीला आता एक पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने बांधलेला असतो. चाकाला हात लावण्याआधी तो काढून स्टिअरिंगवर अडकवावयाचा, असा घरचा नियम झाला आहे. त्यावर कन्येच्या अक्षरात, मिस्त्रींच्याच शब्दांत, लिहिले आहे: "पेडल मारायला विसरू नकासा."